झाकणावरचा हिशेब

भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन झाम्फिरा आक्का माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मला वाटलं कुणाचं तरी काही बरंवाईट झालं. बघते तर हातात एक अंडं.

"रईवारी नेलं हुतं," ती म्हणाली. "घे बाई. तुजं तुला."

"अगं आक्का, एका अंड्यापायी कुनी भिजतं व्हय? ऊन पडल्यावर आनायचं हुतंस."

"आन ऊन पडायच्या आदी मी मेले म्हंजी? वर जाऊन काय सांगू? आनिकेचं एक अंडं माज्याकडं ऱ्हायलंय म्हनून?"

अशी बाई. बुखारेस्टपासून लांब, ओल्त नदीच्या वरच्या अंगाला आमच्या गावात साठ घरं, त्यातली निम्मी कुलपात. पोरं इटलीत नाहीतर स्पेनात. मागे उरलो आम्ही म्हाताऱ्या, कुत्री आणि आलुबुखारची झाडं. या गावात झाम्फिरा आक्कासारखी देण्याघेण्याला चोख बाई दुसरी झाली नाही. त्याला कारण होतं. तिचा नवरा दारूगुत्त्यावर उधारी ठेवून मेला. कबरीवर माती पडायच्या आत गुत्तेवाला पाद्र्यासमोर पैसे मागायला उभा राहिला. ती लाज उशाला घेऊन ती तीस वर्षं झोपली. "मी मरंन तवा माज्या दारात कुनी पैसं मागाय येनार न्हाई, आन माज्या लेकाला कुनाम्होरं हात पसराय लागनार न्हाई," हे तिचं एकच मागणं होतं.

म्हणून तिची मरणाची पेटी गावात सगळ्यांत भरलेली. पेटी आमच्याकडे सगळ्याच बायका भरतात. चाळिशी उलटली की सुरुवात करायची. मेल्यावर वर आभाळात चोवीस जकातनाके लागतात आणि प्रत्येक नाक्यावर काहीतरी दिल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, असं आमचे लोक मानतात. मी काही बघून आलेली नाही. पण म्हणून चोवीस पंचे विणायचे आणि प्रत्येकाच्या टोकाला एक नाणं बांधून ठेवायचं. प्रेत नेताना वाटेत चोवीस ठिकाणी थांबायचं, दर ठिकाणी एक पंचा जमिनीवर अंथरायचा आणि मग तो कुणा गोरगरिबाला देऊन टाकायचा. शिवाय एक मेणाची वात. आपल्या उंचीएवढी लांब ओढायची, वेटोळं करून ठेवायची. ती प्रेताच्या छातीवर जळते. मग अंगावरचे कपडे, रुमाल, कोरे जोडे. आणि सगळ्याखाली बिस्किटांच्या डब्यात पैसे.

आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून तिचा हिशेब मी लिहीत होते. वही नाही. पेटीच्या झाकणाची आतली बाजू, आणि माझ्या हातात सुताराची पेन्सिल. दरसाल ऑगस्टात, पहिल्या कोरड्या वाऱ्याच्या दिवशी, पेटीतलं सगळं कुंपणावर वाळत घालायचं, मोजायचं आणि लिहायचं. डाव्या अंगाला 'आहे', उजव्या अंगाला 'देणं'. उजव्या अंगाला मी सात वर्षं एकच शब्द लिहीत आले, 'नाही'. तो लिहिला की आक्का हुश्श करायची आणि आम्ही दोघी एकेक घोट आलुबुखारची दारू घ्यायचो.

गेल्या साली त्या दिवशी तिचा आंगेल घरी होता. एकुलता एक लेक. चाळिशी ओलांडलेला, उंच, खांदे बापासारखे. बायको कधीच सोडून गेलेली, पोर नाही. अकरा वर्षं इटलीत परांचीवर चढून भिंतींना गिलावा करत होता, आणि दरसाल पंधरा दिवस आईकडे यायचा. आम्ही डबा मोजत होतो तेव्हा तो आत आला. आमच्या जुन्या घरांची दारं ठेंगणी. त्याला दरवेळी मान वाकवावी लागायची, आणि दर चार वेळांतून एकदा तो विसरायचा.

"किती भरलं, आये?" त्यानं कपाळ चोळत विचारलं.

"एकवीसशे पन्नास," मीच सांगितलं. "युरो. वर थोडे आपल्या हितले लेय हायेत, ते येगळे."

तो खाली पेटीजवळ बसला. जरा वेळ पंच्यांच्या काठाशी खेळला. मग म्हणाला, "आये, निस्तोर म्हातारा भट्टी इकतुया."

"इकंना का. त्याला आता लाकडं फोडवत न्हाईत."

"ती मी घेतू म्हनतुया."

आक्काचा हात डब्यावर थांबला. निस्तोरची भट्टी म्हणजे तांब्याचा मोठा हंडा, त्याच्या आज्याच्या वेळचा. चार गावांची आलुबुखारं त्यात उकळून दारू निघायची. आता झाडांखाली सडा पडून कुजतो, वासानं नाक धरावं लागतं, कारण पिंपांत भरायला कुणी नाही आणि गाळायलाही कुणी नाही.

"सव्वीसशे म्हनतुया," आंगेल म्हणाला. "आठशे हायेत माज्यापाशी. अठराशे तू दे. दोन मोसमात तुजा डबा हाय तसा भरून देतू. आये, मला माघारी जायचं न्हाई. गुडघं गेलेत. सकाळी परांचीवर चढताना पाय लटलट कापत्यात. खालनं मुकादम वराडतुया, आन मी वर देवाचं नाव घेत उबा ऱ्हातूय. हितं ऱ्हाईन. तुज्याजवळ ऱ्हाईन."

मला वाटलं, आता ही विरघळणार. पण आक्कानं डब्याचं झाकण लावलं.

"बाकी काय बी माग. गाय इक. वरची जमीन इक."

"गाय म्हातारी झालीया. वरच्या जमिनीला गिऱ्हाईक कुटाय? कुत्रं तरी जातंय का वर?"

"मंग थांब जरा. पर ह्यो पैसा मरनाचा हाय, आंगेल. त्याला हात लावत न्हाईत."

"मरनाचा कसा? म्याच पाटवला न्हवं त्यो? छप्परासाटी पाटवला, दवापान्यासाटी पाटवला. छप्पर अजून गळतंय, पलंगाखाली परात ठिवलीयास. औशिद तू घेत न्हाईस. समदं हितं कोंबलंयस."

"तू दिलास तवा माजा झाला. म्या पेटीत घातला तवा मरनाचा झाला."

"मेल्यावर तुला मी पुरनार न्हाई व्हय? रस्त्यावर टाकनार हाय?"

"तुज्या बानंबी असंच म्हनलं हुतं, मी हाय न्हवं!" आक्का ओरडली. "आन काय झालं? खड्ड्याच्या काटावर गुत्तेवाला हात पसरून उबा! तू बारा वर्साचा हुतास. तू रडत हुतास ते बापापायी न्हवं, लाजंपायी रडत हुतास. म्या बगितलं हुतं!"

आंगेल उठला. "जित्या लेकापरीस तुला तुजं मढं प्यारं झालंय, आये," म्हणाला, आणि ताडकन बाहेर निघाला. चौकटीवर कपाळ एवढ्या जोरात आदळलं की भिंतीचा चुना पडला. एरवी आक्का धावली असती. त्या दिवशी ती डबा पोटाशी धरून बसून राहिली. मी झाकणावर 'देणं' खाली 'नाही' लिहिलं आणि घरी गेले. दारू कुणी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. कपाळावर टेंगूळ आलेलं. मी मक्याचा घाटा ढवळत होते.

"मावशी, तुजं ती ऐकती. तू सांग तिला."

आता हे मी लिहिते आहे तर खरंच लिहिते. मी सांगितलं असतं तर आक्का कदाचित ऐकती. तिला लिहून देणारी मी, मोजून देणारी मी. पण मी काय म्हणाले? पळी न थांबवता म्हणाले, "न्हाई रं बाबा. मरनाच्या पैशाला हात लावला की मरान घराची वाट इचारत येतंय. आमच्या जुन्या मानसांनी सांगितलंय. ह्ये पाप मी न्हाई घेनार."

तो हसला. "मावशी, मरनाला वाट इचारावी लागत न्हाई," म्हणाला. घाट्याचा एक घास बोटानं उचलून तोंडात टाकला, लहानपणी टाकायचा तसा, आणि गेला. शनिवारच्या बसनं इटलीला परतला. महिनाभरात निस्तोरची भट्टी बुखारेस्टच्या एका हॉटेलवाल्यानं नेली. म्हणे दारात शोभेला ठेवणार, तिच्यात फुलझाडं लावणार.

नोव्हेंबरात निरोप आला. गावात पहिला चिखल झाला होता, अक्रोडाची पानं सगळी उतरली होती. फोन माझ्या घरी आला, कारण आक्काच्या घरी फोन नव्हता. सोबत काम करणारा पोरगा होता. आंगेल तिसऱ्या मजल्यावरून पडला. परांचीला कठडा नव्हता. मुकादम म्हणतो, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. कागद नाही, सही नाही, आम्ही याला ओळखत नाही.

ते मी तिला कसं सांगितलं हे मला आठवत नाही. एवढंच आठवतं की ती कोंबड्यांना दाणे टाकत होती, आणि ऐकल्यावर तिनं उरलेले दाणे पूर्ण टाकले, मूठ झटकली, आणि मग खाली बसली. ओरडली नाही. चिखलात बसली. मी उठवायला गेले तर म्हणाली, "उटवू नगंस, आनिके. मला हितंच बरं हाय."

तिसऱ्या दिवशी तो पोरगा पुन्हा बोलला. प्रेत गावी आणायला तीन हजार लागतात. इथून इटलीला जित्या माणसाचं बसभाडं नव्वद, मेलेल्याचं तीन हजार. पोरांनी आपसात नऊशे जमवलेत, बाकीचे एकवीसशे लागतील. नाहीतर तिकडेच कुठेतरी पुरतील.

संध्याकाळी आक्का डबा घेऊन माझ्याकडे आली. टेबलावर ठेवला.

"मोज."

"आक्का, मोजलेलंच हाय."

"पुन्ना मोज. कमी पडाय नगं."

मी मोजत होते आणि ती दर नोटेला ओठ हलवत होती. एकवीसशे झाले आणि डब्यात पन्नासाची एकच नोट उरली. आक्का तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अठराशे मागत हुता, आनिके. अठराशे दिलं असतं तर साडेतीनशे उरलं असतं. आन लेक उरला असता."

मला माझी पळी आठवली, घाट्यात फिरणारी.

आंगेल आठ दिवसांनी गाडीतून आला. जस्ताची पेटी, झाळून बंद केलेली. उघडायची नाही असा हुकूम. आईला लेकाचं तोंड बघायला मिळालं नाही. ती पेटीवर हात फिरवत, "हिकडं डोस्कं का तिकडं?" असं त्या गाडीवाल्याला विचारत होती. त्यालाही माहीत नव्हतं. तो पोरगेलासा होता, टोपी काढून रडायला लागला.

तरणाताठा माणूस, त्याच्यासाठी कुणी पेटी भरून ठेवलेली नसते. आक्कानं आपली उघडली. चोवीस पंचे काढले, चोवीस नाणी टोकांना होतीच. मग मेणाची वात काढली आणि थबकली.

"ही माज्या उंचीची हाय गं."

"चालतंय आक्का. देव काय टेप घिऊन बसलाय का?"

"न्हाई. जाताना त्याला अंधार पडंल. वात सरंल आन वाट उरंल."

पण उंची मोजायची कशी? जस्ताची पेटी बंद. आक्का उठली, सुताचा दोरा घेतला, आणि घराच्या दाराशी गेली. उंबऱ्यापासून चौकटीपर्यंत दोरा ताणला. जिथे चुना पडला होता तिथे बोट टेकवलं. मग वर अजून चार बोटं मोजली. "येवडी मान वाकवायचा," ती म्हणाली. आणि तेव्हा, ऐकलं त्या दिवसापासून पहिल्यांदा, ती रडली. दोरा चौकटीला धरून, कपाळ त्याच जागी टेकायला टाचा उंचावून रडली, आणि तिची उंची तिथे पोचत नव्हती.

वात दोन वीत कमी पडली. मी घरातल्या सगळ्या मेणबत्त्यांची टोकं वितळवली आणि जोड ओढला. जोडाचं मेण पिवळं झालं, बाकीचं पांढरं.

घरापासून कबरस्तानापर्यंत आम्ही चोवीस ठिकाणी थांबलो. विहिरीशी, ओढ्याच्या पुलाशी, निस्तोरच्या भट्टीच्या रिकाम्या खोपटाशी. दर ठिकाणी आक्का स्वतः वाकून पंचा अंथरायची. चिखलात, पांढराशुभ्र. हिवाळ्यातल्या किती रात्री विणलेला एकेक. मी मनात मोजत होते, आणि शेवटचा संपला तेव्हा वाटलं, ही बाई आता नागडी झाली. खड्डा खणणाऱ्यांना पन्नासाची नोट दिली. पाद्र्यानं काही घेतलं नाही. गावानं पाव आणले, कोंबड्या कापल्या, दारू आणली. जेवणावळ आक्काच्या अंगणात झाली. कबरीच्या काठावर उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, "माज्या आंगेलकडं कुनाचं काय येनं असंल तर आत्ताच बोला. मी हाय." कुणी बोललं नाही. गुत्तेवाल्याचा मुलगा तिथेच होता, तो खाली बघत राहिला.

हिवाळा गेला. वसंतात आक्का एकेक करून पाव परत करायला लागली. लोक म्हणत, आक्का, मेलेल्याच्या नावानं दिलेलं परत घेत नाहीत. ती उंबऱ्यावर ठेवून निघून यायची. कोंबड्यांच्या बदल्यात कोंबड्या, दारूच्या बदल्यात दारू. शहात्तर वर्षांची बाई, पाठीत पोक. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिची उंची त्या चौकटीला जन्मात लागली नाही, पण हल्ली दारातून जाताना ती मान वाकवते.

ऑगस्ट आला. आलुबुखारं पडायला लागली. परवा कोरडा वारा सुटला तशी तिनं मला हाक मारली.

"आनिके, पेन्सिल घिऊन ये."

"आक्का, औंदा काय मोजायचं?"

"हाय त्ये मोजायचं."

पेटी उघडली. तिचा काळा झगा, रुमाल, कोरे जोडे. बाईचे होते म्हणून राहिले. कोपऱ्यात तो सुताचा दोरा, गुंडाळलेला. रिकामा डबा. मी 'आहे' खाली तेवढंच लिहिलं. दोरा लिहायचा का, विचारलं. "लिव," म्हणाली.

"आन देनं?"

"समद्यांचं फिटलं की, आक्का. निस्तोरची शेवटची बाटली परवा दिलीस. 'नाही' लिवते."

"न्हाई. लिव, आंगेल. अठराशे."

मी पेन्सिल खाली ठेवली. "आय लेकाचं देनं लागती व्हय? काय बोलतीस ह्ये?"

"त्याचाच पैसा हुता. त्यानं मागितला, म्या दिला न्हाई. मंग ह्ये देनं न्हवं तर काय? पेटी भरायची म्हंजी चोख भरायची. लिव."

मी लिहिलं.

"फेडनार कसं गं, आक्का?"

ती उठून कोनाड्याशी गेली. मुठीत काहीतरी घेऊन आली आणि रिकाम्या डब्यात टाकलं. अकरा लेय. गेले चार दिवस दुसऱ्यांच्या झाडांखालची आलुबुखारं वेचून शेजारच्या गावच्या भट्टीला विकत होती, हे मला तेव्हा कळलं. वाकलेली बाई आणखी वाकून वेचत होती.

"वर गेल्यावर त्याच्या हातावर ठिवनार हाय मी," ती म्हणाली. "म्हननार, घे बाबा, भट्टी घे. वर दारू गाळत्यात का न्हाई ते त्याचं त्यो बगंल. आन चोवीस पंचंबी पुन्ना इनायचं हायेत. डोळ्याला सूत दिसत न्हाई, तरी इनायचं." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "लई वर्सं मरायची वाट बगितली, आनिके. आता मरायला सवडच न्हाई."

बाहेर वाऱ्यानं झाड हललं आणि आलुबुखारं पत्र्यावर ताडताड पडली. आक्का टोपली घेऊन उठली, दारात मान वाकवली आणि बाहेर गेली.

मी झाकणासमोर बसून राहिले. 'आंगेल, अठराशे' या ओळीखाली, त्याच उजव्या अंगाला, मी बारीक अक्षरात माझं नाव लिहिलं. पुढे किती लिहायचे ते सुचेना, म्हणून आकडा घातला नाही. बारीक अक्षर तिला दिसत नाही, ते एक बरं.